न उमटलेलं टिंब

बारावीची परीक्षा झाली आणि निकाल लागायच्या आधीच मला काम लागलं. अडीच महिन्यांचंच होतं, पण काम होतं. सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात एक डॉक्टरीणबाई जीप घेऊन आल्या होत्या. घरोघर जाऊन बाळंतपणांची आणि लहान मुलांच्या आजारांची माहिती गोळा करायची होती. त्यासाठी त्यांना बारावी दिलेली, सायकल चालवणारी आणि अनोळखी माणसाशी बोलताना खाली मान न घालणारी मुलगी हवी होती. आमच्या गावात या तिन्ही गोष्टी एकाच मुलीत जमत होत्या, आणि ती मी होते.

बाबा तेव्हाच तलावावरून ओलं जाळं खांद्यावर टाकून आले होते. बाईंनी त्यांना विचारलं, "मुलीला पाठवाल का?"

"तिलेच विचारा ना बाई," बाबा म्हणाले. "सायकल तिले चालवाची हाये, मले नाई."

मी हो म्हटलं. पाहणी गोंडपिपरी तालुक्यातल्या गावांत होती. आम्ही सहा मुली सुट्टीतल्या एका रिकाम्या शाळेत राहायचो आणि सकाळी आपापल्या गावाला निघायचो. पहिल्याच दिवशी बाईंनी प्रत्येकीच्या हातात एक राखाडी यंत्र दिलं. तळहातावर मावेल एवढं, खाली चार बटणं, वर काच, आणि काचेवर लिहायला प्लास्टिकची एक काडी. त्याला हँडहेल्ड म्हणायचे. आमच्यातल्या कुणाकडे तेव्हा साधा मोबाईलसुद्धा नव्हता. बाकीच्या पाचजणी त्याला हात लावायला घाबरत होत्या. मी घाबरले नाही. घरातला रेडिओ मी दोनदा खोलून पुन्हा जोडला होता, आणि तो त्यानंतरही वाजत होता.

त्या यंत्रावर लिहायची एक वेगळी तऱ्हा होती. इंग्रजी अक्षरं काढायची, पण शक्यतो काडी न उचलता. मोठ्या ए ची मधली रेघ द्यायचीच नाही, नुसतं छप्पर काढायचं. मला ते दोन दिवसांत जमलं. चौथ्या दिवसापासून बाई इतर मुलींना माझ्याकडे शिकायला पाठवू लागल्या.

एका गावात एक म्हातारी बाई मी लिहिताना माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "माह्या नातवाचं नाव गेलं का वं त्याच्यात?"

"गेलं, माय."

"मंग दाखव."

मी यंत्र पुढे केलं. तिला वाचता येत नव्हतं, पण तिने मायेने काचेवर बोट फिरवलं, आणि तिच्या नातवाच्या वेळचं घरी झालेलं बाळंतपण यंत्रात एका क्षणात दवाखान्यात झालं. मी घाईघाईने ते परत घरी आणलं. म्हातारीला काय झालं ते सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिची सूनही बाहेर आली.

काम संपलं तेव्हा बाईंनी बाकीची यंत्रं पेटीत भरली. माझ्या यंत्राच्या काचेवर एक लांब ओरखडा होता. "हे आता आम्हाला चालणार नाही," त्या म्हणाल्या. "नर्सिंगला अर्ज केला आहेस ना? मग हे तूच ठेव. अभ्यासाला होईल."

अभ्यासाला कसं होईल हे त्यांनी सांगितलं नाही. ते मलाच शोधावं लागलं.

मला गडचिरोली जिल्ह्यातल्या एका नर्सिंग शाळेत प्रवेश मिळाला. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि सगळा इंग्रजीतून. आमच्यापैकी निम्म्याहून जास्त मुली मराठी शाळेतून आलेल्या. पहिल्या आठवड्यात शरीररचनेच्या तासाला मला 'द' आणि 'इज' एवढंच कळत होतं. मुली वसतिगृहात जाऊन रडायच्या. मला रडू आलं नाही, राग आला. मराठीतून विचारलं असतं तर वर्गातल्या कुणालाही मी मागे टाकलं असतं, हे मला ठाऊक होतं. मग शब्दच आडवे येत असतील तर आधी शब्दांनाच धरायचं, असं मी ठरवलं.

रोज संध्याकाळी जेवणाच्या घंटेआधी मी यंत्र काढायचे आणि वीस शब्द भरायचे. आधी इंग्रजी शब्द, त्याच्यापुढे इंग्रजी अक्षरांतच त्याचा मराठी अर्थ, कारण त्या यंत्राला मराठी अक्षरं येत नव्हती. यकृत, प्लीहा, सूज, धाप, गुंगी. सकाळी हजेरीच्या रांगेत उभी असताना खिशातून काढून ते वीस शब्द पुन्हा बघायचे. वह्या रांगेत काढता येत नाहीत, पण हे ॲप्रनच्या खिशात मावायचं. वसतिगृहात मोबाईलला बंदी होती. वॉर्डनबाईंनी एकदा मला पकडलं, यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं, कानालाही लावलं.

"वाजत नाई का हे?"

"नाई मॅडम. याच्यात नुसतं लिहिता येते."

"मंग राहू दे," म्हणाल्या आणि परत दिलं.

माझ्या खोलीत एटापल्लीकडची एक मुलगी होती. जंगलातल्या गावातली, गोंड घरातली. मराठी तिला नीट यायचं, पण वर्गात ती तोंड उघडत नसे. घरी ती गोंडीच बोलायची, म्हणजे इंग्रजी ही तिची तिसरी भाषा. महिनाभर ती माझं शब्द भरणं नुसतं बघत होती. मग एक दिवस म्हणाली, "माहे पण शब्द टाकशीन का?"

"कोणते?"

"आमच्याकडचे. दुखते कुठं, पाणी पेते का, असे. मी तिकडंच नोकरी करीन ना. सोबत दुसरी कोणी आली तर तिले कसं समजन?"

तेव्हापासून आमच्या यादीत तीन रकाने झाले. इंग्रजी, मराठी, गोंडी. पाणी म्हणजे येर, हा मी शिकलेला पहिला गोंडी शब्द. ती बोलायची, मी इंग्रजी अक्षरांत उतरवायचे, मग वाचून दाखवायचे, आणि ती हसून नाही म्हणायची. एकेका शब्दाला आम्ही चार-चार वेळा दुरुस्त करायचो.

या सगळ्याचा एक तोटाही झाला. माझ्या हाताला ए ची रेघ सोडायची सवय लागली आणि परीक्षेच्या पेपरातही मी नुसती छपरं काढू लागले. शरीररचनेच्या मॅडमनी पेपर परत देताना विचारलं, "या सगळ्या ए च्या कंबरा कुठं गेल्या?" वर्ग हसला. मी पण हसले. तोवर वर्गात माझे मार्क वर चढायला लागले होते, त्यामुळे हसणं मला परवडत होतं.

दुसऱ्या वर्षी औषधशास्त्र आलं. ते शिकवणाऱ्या मॅडम वर्ध्याकडच्या होत्या. उंच, बारीक, पांढऱ्या साडीला कधी चुणी नाही. त्या मोठ्याने बोलत नसत, तरी त्यांचीच सगळ्यांना भीती वाटायची. औषधाचं नाव, काम, डोस, दुष्परिणाम, असं सगळं पाठ लागायचं. मी माझ्या यंत्रात औषधांची यादी करायला घेतली. ती इतकी आटोपशीर झाली की चाचणीच्या आधी मुली माझ्या खोलीत येऊन ती उतरवून न्यायला लागल्या. मी पलंगावर बसायचे, त्या खाली गोल करून बसायच्या आणि यंत्र हातोहात फिरायचं. मला फार छान वाटायचं. खोटं कशाला बोलू?

चाचणीचे पेपर तपासून झाल्यावर मॅडम वर्गात आल्या त्या बसल्याच नाहीत. त्यांच्या हातात चार पेपर वेगळे काढलेले होते.

"हृदयाचं एक औषध विचारलं होतं, डिगॉक्सिन," त्या म्हणाल्या. "गोळी पाव मिलिग्रॅमची. शून्य टिंब पंचवीस. या चार पेपरांत लिहिलं आहे पंचवीस. पंचवीस मिलिग्रॅम. चौघींनी. म्हणजे शंभर गोळ्या एका वेळी. एक चुकली असती तर मी म्हटलं असतं, पाठ केलं नाही. चौघी एकसारख्या चुकल्या. कुणी कुणाचं पाहिलं?"

चौघी उभ्या राहिल्या. त्यात माझी खोलीतली मैत्रीणही होती. मी टेबलाखाली यंत्र उघडलं आणि ती ओळ काढली. काचेवर लिहिलेलं होतं, 025.

मला लगेच कळलं. त्या यंत्रावर टिंब द्यायचं तर काडीने काचेवर दोनदा टोचावं लागे. एकदा टोचलं तर काहीच उमटत नसे. मी एकदाच टोचलं होतं. मला स्वतःला डोस तोंडपाठ होता, म्हणून माझ्या पेपरात बरोबर आलं. पण उतरवून नेणाऱ्या मुलींनी पुढचं शून्य फालतू समजून सोडून दिलं होतं.

चौघी अजून उभ्याच होत्या. माझ्या मैत्रिणीने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. ती नाव सांगणार नाही, हे मला त्या न बघण्यावरूनच समजलं. मी उभी राहिले.

"मॅडम, यांनी एकमेकींचं नाई पाह्यलं. चूक माही आहे. माह्या यादीतून आली."

मी पुढे जाऊन यंत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं. मॅडमनी चष्मा लावला आणि ती ओळ पाहिली. मग काडी हातात घेऊन वरखाली करत बाकीचं वाचू लागल्या. दीड वर्ष जे यंत्र मी मिरवलं ते त्या टेबलावर फार लहान दिसत होतं.

"वॉर्डात हे झालं असतं," शेवटी त्या म्हणाल्या, "तर केसपेपरवर सही कुणाची असती? या यंत्राची?"

"नाई मॅडम. माही."

"मग तुझी सही ज्याच्यावर चालणार नाही ते दुसऱ्याला द्यायचं नाही." त्यांनी आणखी एक पान सरकवलं आणि थांबल्या. "आणि हे काय आहे? हा तिसरा रकाना?"

"गोंडी आहे मॅडम." मी मैत्रिणीकडे बोट केलं. "हिने सांगितलं."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. वर्ष सुरू झाल्यापासून त्यांनी तिला नाव सोडून काही विचारलं नव्हतं. "लघवी झाली का, हे कसं विचारतात?"

ती हळू आवाजात बोलली.

"मोठ्याने सांग. पेशंटची आजी बहिरी असली तर?"

ती मोठ्याने बोलली. मॅडमनी तो शब्द तिच्यामागून म्हटला, चुकला, पुन्हा म्हटला. मग यंत्र माझ्याकडे सरकवलं. मला वाटलं होतं जप्त होईल. झालं नाही. "दर शनिवारी हे माझ्या टेबलावर आणायचं," त्या म्हणाल्या. "आठवड्यात भरलेलं मी पुस्तकाशी ताडून बघणार. आणि हिशोबाचं काम आधी डोक्यात, मग यंत्रात. उलटं नाही."

त्या दिवशी दुपारी मी वसतिगृहात खोलीखोलीत फिरले. यादी कुणी कुणी उतरवली होती ते आठवून आठवून प्रत्येकीच्या वहीत लाल पेनाने ते टिंब दिलं. चौघींच्याच नव्हे, अकराजणींच्या वह्यांत ती यादी निघाली. एक मुलगी चिडून म्हणाली, "तुह्या भरवशावर आमचे मार्क गेले." मी ऐकून घेतलं. मैत्रिणीची वही मी सगळ्यात शेवटी घेतली.

"नाव काऊन नाई सांगितलं माहं?" मी विचारलं.

"तू सांगशीन हे मले मालूम होतं," ती म्हणाली आणि वही पुढे केली.

तिसऱ्या वर्षी आमची जंगलभागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नेमणूक झाली, सहा आठवड्यांसाठी. आम्ही दोघी एकाच तुकडीत होतो. तिथे पोचल्यावर माझी मैत्रीण एकदम वेगळीच मुलगी झाली. बाजाराच्या दिवशी बायका तिला हाका मारून थांबवायच्या. डॉक्टर तिला दुभाष्यासारखे शेजारी बसवून घ्यायचे. मी आपली तिच्या मागे मागे. मला ते जरा जड गेलं, पण बरंही वाटलं.

एका सकाळी ती लसीकरणाला उपकेंद्रावर गेली होती आणि बाह्यरुग्ण विभागात मी होते. एक आजी नातीला पाठीशी बांधून चालत आली. मुलगी चार-साडेचार वर्षांची, डोळे आत गेलेले, ओठ कोरडे. जुलाब दिसतच होते, कारण आजीचं लुगडं भिजलं होतं. डॉक्टर आत एका बाळंतिणीजवळ होते. आजीला मराठी येत नव्हतं. शिपाई मामाला गोंडी यायचं, पण तो नेमका पाण्याच्या टाकीकडे गेला होता.

मी यंत्र काढलं. पाणी पिते का, हे विचारलं. आजी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी पुन्हा वाचलं, मैत्रिणीने चार वेळा दुरुस्त केलं होतं तसं, 'र' वर जोर न देता. आजीच्या चेहऱ्यावर आधी नवल आलं आणि मग, नात तशी पडलेली असतानाही, ती हसली. माझा उच्चार काय झाला असेल कोण जाणे. पण तिने मान हलवली. नाही पीत. मी पुढचं विचारलं, मॅडमनी वर्गात म्हटलं होतं तेच. लघवी झाली का?

आजीने हाताने सूर्य दाखवला, तो मावळतीला नेला, पुन्हा उगवतीला आणला आणि बोटाने आणखी मागे खूण केली. कालच्या सकाळपासून नाही.

मी आत धावले. "डॉक्टर, चोवीस तासांत लघवी नाई, पाणी घेत नाई, चिमटा काढला तर कातडी तशीच राहून राह्यली." ते हातमोजे काढतच बाहेर आले. शीर सापडायला वेळ लागला, पण त्यांनी ती शोधली. सलाईनचं पहिलं पाणी भराभर गेलं. ते तिच्याजवळून उठले तेव्हा म्हणाले, "आता पुढचे तीनशे मिली तीन तासांत. थेंब तू लाव." आणि पुन्हा बाळंतिणीकडे गेले.

एका मिलीला वीस थेंबांचा सेट होता. आधी डोक्यात: तासाला शंभर मिली, म्हणजे दोन हजार थेंब, म्हणजे मिनिटाला तेहतीस. मग यंत्रात केलं. यंत्र म्हणालं, तीनशे तेहतीस. मी काडी ठेवली आणि डोक्यातला हिशोब पुन्हा केला, बोटांवर. तेहतीसच. मी यंत्रात एक शून्य जास्त मारलं होतं. मी घड्याळ समोर धरून नळीवरची चिमटी फिरवत थेंब तेहतीसवर आणले, कागदावर लिहिलं आणि खाली सही केली.

दुपारी मुलीने डोळे उघडून आजीकडे काहीतरी मागितलं. मला एवढाच शब्द कळला, येर. मी चमच्याने ओआरएस पाजलं. संध्याकाळी माझी मैत्रीण परतली तेव्हा ती छोटी मुलगी पलंगावर बसून बिस्किट खात होती, आणि आजी आल्यागेल्याला माझी नक्कल करून दाखवत होती. मैत्रीण दारातच उभी राहून ऐकत होती.

"काय म्हणून राह्यली ती?" मी विचारलं.

"म्हणते, ह्या बाईने मले विचारलं, तुही नात पाण्यात नाचते का?"

यंत्राचा शेवट फार साधा झाला. त्याचे सेल बदलताना एका मिनिटाच्या आत नवे घालावे लागत, नाहीतर आतलं सगळं पुसलं जाई. आम्ही ते नेहमी दोघी मिळून करायचो, एकीने काढायचे, दुसरीने घालायचे. शेवटच्या परीक्षेच्या आधी मी एकटीनेच करायला गेले. एक सेल हातातून सुटला, घरंगळत कपाटाखाली गेला, आणि मी झाडूने तो बाहेर काढेपर्यंत वेळ निघून गेली होती. काच उजळली तेव्हा ते यंत्र मला माझंच नाव विचारत होतं.

औषधांचं मला दुःख झालं नाही. ती डोक्यात होती, आणि मॅडमच्या शनिवारांनी पक्की झाली होती. जीव हळहळला तो तिसऱ्या रकान्यासाठी. मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं. इंग्रजी अक्षरात ते शब्द येडेवाकडे झाले होते." परीक्षा संपल्यावर आम्ही एक दोनशेपानी वही घेतली आणि आठ दिवस बसून ती सगळी यादी पुन्हा केली, या वेळी देवनागरीत. जिथे तिला शंका होती तिथे तिने गावी जाऊन आईला विचारलं. मॅडमनी वही वाचली, दोन ठिकाणी पेन्सिलने प्रश्नचिन्ह केलं आणि खालच्या वर्गासाठी तिच्या झेरॉक्स काढायला सांगितल्या.

आता मी चंद्रपूरला दवाखान्यात आहे आणि ती तिच्याच तालुक्यात, उपकेंद्रावर. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींच्या खिशात आता सगळं काही मावणारे फोन असतात. मी त्यांना फोन ठेवा म्हणत नाही. डोस विचारते, आणि उत्तर येईपर्यंत त्यांच्या डोळ्यांकडे बघते. एखादी खिशाकडे न बघता सरळ सांगते. तिला मी दुसऱ्या दिवशी माझ्या हाताखाली घेते.